गेल्या वर्षीची डायरी

आमच्या भंडाऱ्यात माणूस आजारी पडला की औषधाला तोटा नाही. थकतात ते रोग्याचे कान. मला संधिवात आहे, डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड म्हणतात तो, हे गल्लीत कळलं मात्र, आणि दारात निरगुडीचा पाला येऊन पडला. मागोमाग एरंडाची पानं आली, मोहाच्या टोळीचं तेल आलं, साकोलीकडच्या कुण्या वैद्याचा पत्ता आला. कुणी म्हणालं आंबट बंद करा, कुणी म्हणालं पंखा बंद करा. नात्यातल्या एका मामांनी तर भात बंद करायला सांगितला. भंडारा जिल्ह्यात भात बंद करायचा म्हणजे जिल्हाच सोडायचा. इथे बाराही महिने धानाच्याच गोष्टी: पऱ्हे टाकले का, रोवणी झाली का, भाव काय लागला. मी मामांना हो म्हटलं आणि ते जेवायलाच थांबले म्हणून भात थोडा जास्त टाकला.

लोकांचाही दोष नाही. ज्याला सुरुवात आहे आणि शेवट आहे असा आजार सगळ्यांना समजतो. ताप आला, गेला. पाय मोडला, प्लास्टर लागलं, निघालं. भेटायला जाताना चार केळी घेता येतात, आणि पुढच्या वेळी ‘आता कसं वाटते?’ म्हणून विचारता येतं. वर्षानुवर्षं चालणाऱ्या आजाराला किती वेळा केळी नेणार? त्यातून हा संधिवात अवेळी वागतो. सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं मिटत नाहीत, कपाचा कान धरवत नाही. बारा वाजता तीच बाई बाजारात सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि वांगी निवडताना दिसते. पाहणाऱ्याला वाटतं, सकाळचं ते नाटक होतं. आमच्या झाडीपट्टीत नाटक रात्री सुरू होऊन पहाटे संपतं. माझं पहाटे सुरू होतं, एवढाच काय तो फरक.

अशा प्रत्येक आजाराची एक फाईल असते. माझीही आहे. नागपूर इथून साठेक किलोमीटर, त्यामुळे सकाळच्या एसटीत अशा फायली मांडीवर घेतलेली माणसं बरीच दिसतात, आणि न बोलताही एकमेकांना ओळखतात. त्या फायलीत ईएसआर आहे, सीआरपी आहे, वजन आहे, हिमोग्लोबिन आहे. २०२०च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला, कारध्याकडे पाणी चढलं, वर कोरोना. घरातल्या गोळ्या मोजत बसण्याची वेळ आली, हे मात्र तिच्यात कुठेही नाही. डॉक्टरांना त्याच्याशी कर्तव्य नाही, आणि ते बरोबरच आहे. त्यांना आकडे लागतात. पण मग बाकीचं ठेवायचं कुठे? मी ते इतकी वर्षं घरच्यांच्या कानांत ठेवत होते. तिथली जागा भरत आली होती.

बाकीचं वहीत ठेवायची कल्पना माझी नव्हे. ती आमच्या शेजारच्या पोरीची. कॉलेजात शिकते आणि तिला सिकलसेल आहे. आमच्या पूर्व विदर्भात हा आजार घरोघरच्या बोलण्यातला आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, कुठेही जा, कुणाच्या तरी घरी कुणीतरी असतंच. ती आपल्या खोलीत एक वही करत बसलेली असे. चित्रं काढते, कागद चिकटवते, मधेच एखादी ओळ लिहिते. एकदा म्हणाली, “काकू, तुमीबी करा ना अशी वही.”

“मले चित्र नाही येत, पोरी.”

“येत नसन तर आनखी बरं. येनाऱ्यायले लोक दाखवा म्हनतात.”

हे तिचं बोलणं मला पटलं. मग तिने मला मोबाइलवर काही व्हिडिओ दाखवले. ह्या उद्योगाला आर्ट जर्नलिंग म्हणतात आणि जगभर बरीच आजारी माणसं तो करतात, असं त्यातून कळलं. व्हिडिओतली बाई पांढऱ्याशुभ्र टेबलाशी बसली होती. तिच्याकडे चाळीस रंगांची पेनं, नक्षीच्या चिकटपट्ट्या आणि एक अतिशय सभ्य मांजर होतं. सुरुवातीला ती म्हणाली की, मन शांत करण्यासाठी सुगंधी मेणबत्ती लावा. मे महिन्याचे दिवस, बाहेर पंचेचाळीस अंश, घरात पाचावर पंखा आणि खिडकीला कूलर. आमच्याकडे मेणबत्ती लागते ती लाइट गेल्यावर, आणि तेव्हा मन शांत नसतं. त्यातल्या एका वहीची किंमतही बघितली. त्या पैशात महिन्याच्या गोळ्या येऊन वर रिक्षाभाडं सुटलं असतं.

शेवटी कपाटातून डायरी निघाली. महाराष्ट्रात अशी डायरी नसलेलं घर दाखवा. पतसंस्था देते, खताचं दुकान देतं, विम्याचा एजंट देतो. आपण ती ‘चांगली आहे, कामी येईल’ म्हणून ठेवतो आणि डिसेंबरात ती कोरीच्या कोरी सापडते. पहिल्या पानांवर सुट्ट्यांची यादी, मग वजनमापांचं कोष्टक, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एक सुविचार. माझ्या हाती लागली ती गेल्या वर्षीची होती. नवी वही सुरू करणाऱ्या आजारी माणसाला मी हाच सल्ला देईन: डायरी गेल्या वर्षीचीच घ्या. चालू वर्षाच्या डायरीत दोन दिवस पडून राहिलं की दोन पानं कोरी राहतात आणि ती आपल्याकडे बघत बसतात. आधीच गोळ्या चुकल्याची, फिरायला न गेल्याची, फोन न केल्याची टोचणी असते. तिच्यात भर कशाला? गेल्या वर्षीच्या डायरीत कुणी मागे पडत नाही. ते वर्षच मागे पडलेलं असतं. मला तर एकोणीस मार्चच्या पानावर दिवाळी काढताना फार बरं वाटलं.

सुविचारांचं मात्र काहीतरी करावं लागलं. रात्रभर खांदा ठणकून सकाळी वही उघडावी आणि खाली छापलेलं असावं, आळस हा माणसाचा शत्रू आहे! गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा चंदेरी कागद सोलून मी ते झाकायला लागले. संधिवातात मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतते. म्हणून तिचा वार मी ठरवून टाकलेला आहे. गोळी घेतली की तो चंदेरी तुकडा त्या आठवड्याच्या सुविचारावर डकवायचा. गोळी घेतली की नाही हा घरातला साप्ताहिक वाद त्यामुळे मिटला.

कोऱ्या पानाची भीती वाटते म्हणतात. मला वाटली ती कोऱ्या पानाची नव्हती, शाळेची होती. आपल्याकडे चित्र म्हटलं की दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि चारच्या आकड्याचे पक्षी. इंटरमिजिएटची परीक्षा पास झालेलाही तेच काढतो, नापास झालेलाही तेच काढतो. भंडाऱ्यातली पोरंही तेच काढतात, आणि आमच्याकडे सूर्य उगवतो तो सरळ धानाच्या बांधीतून. वर्गात मराठी शिकवताना मी शेकडो पोरांच्या वह्यांत ते डोंगर बघितले, एकालाही विचारलं नाही की बाबा, हे कुठले. माझा हात कागदावर गेला की आपोआप त्या डोंगरांकडेच वळायचा.

म्हणून मी आधी हातच काढला. बालवाडीतली मुलं काढतात तसा: पंजा कागदावर ठेवायचा आणि पेन्सिल बोटांच्या कडेने फिरवायची. याला कला लागत नाही आणि वेळही फारसा लागत नाही. गंमत अशी की, सकाळी साडेसहाला काढलेला पंजा आणि दुपारी काढलेला पंजा हे एकाच बाईचे वाटत नाहीत. सकाळचा पंजा कागदाला टेकतच नाही. बोटं कमानीसारखी उचललेली, त्यामुळे रेघ मधेमधे तुटते, मधल्या बोटाचं पेर फुगून शेजारच्या बोटाला भिडतं आणि दोघांमध्ये पेन्सिल जायला वाट राहत नाही. दुपारी तीच रेघ सरळ खाली उतरते. मी दोन्ही एकाच पानावर काढू लागले, एक गेरूने आणि एक निळीने. आमच्या ह्यांनी ते पान बघितलं आणि काळजीने विचारलं, “हे कोंबडीचे पाय कशाले काढले?” मी सांगितलं की हा तुम्ही धरलेला हात आहे. त्यावर ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “तवा इतका सुजला नव्हता.”

पुढच्या वेळी नागपूरला जाताना ती डायरी पिशवीतच राहून गेली होती. डॉक्टरांनी ‘सकाळचा ताठरपणा किती वेळ राहतो?’ असं नेहमीसारखं विचारलं. ह्या प्रश्नाचं खरं उत्तर मला कधीच देता आलेलं नाही. डॉक्टरांसमोर बसलं की सगळं बरं वाटायला लागतं, किंवा मग सगळंच दुखतंय असं वाटतं. मी पंजे दाखवले. त्यांनी पानं मागेपुढे केली, दोन बोटांवर आपलं बोट ठेवलं आणि ती दाबून बघितली. दुखण्याच्या जागा रोग्याकडून कागदावर रंगवून घेण्याची रीत डॉक्टरी शास्त्रात जुनी आहे, हे मला नंतर कळलं. माझी वही त्यासाठी नाही, पण चालली तर चालली.

आता ताकदीचं. दीर्घ आजारात दुखण्याइतकाच जाच थकव्याचा असतो, आणि थकवा दिसत नाही. पूर्वी आमच्याकडे धान पायलीने मोजत. मला रोजची ताकद कुणीतरी अशी मोजून देतं. एखाद्या दिवशी शीग लावून, एखाद्या दिवशी तळाला चार दाणे. त्यातूनच आंघोळ, स्वयंपाक, आल्यागेल्याशी बोलणं, सगळं भागवायचं असतं. चित्राच्या वाट्याला मूठभर तरी ठेवावी, एवढंच मी म्हणेन, कारण उरलं तर करू म्हटलं की उरत नाही. ज्या दिवशी तळालाच दाणे, त्या दिवशी मी पानाला चहाचा कप टेकवून गोल डाग पाडते आणि वही मिटते. तेही पान धरलं जातं. व्हिडिओतली बाई त्याला ‘पार्श्वभूमी तयार करणे’ म्हणते.

साधनांच्या बाबतीत फ्रेंच चित्रकार रन्वार ह्याला मी गुरू मानते. त्याला माझाच आजार होता, साधारण १८९२पासून, आणि आजच्यासारखी औषधं तेव्हा नव्हती. बोटं तळहाताकडे वळून गेली. १९०७ साली तो दक्षिण फ्रान्सच्या उबेत कान्य गावी राहायला गेला आणि १९१९मध्ये मरेपर्यंत रंगवत राहिला. त्याचा कुंचला हाताला बांधून ठेवत अशी गोष्ट सांगतात. खरं तर हाताला गुंडाळलेलं कापड कातडी सोलू नये म्हणून होतं. कुंचला घरचं कुणीतरी त्याच्या बोटांत सरकवून देई आणि तो तो पकडून ठेवी. मोठं चित्र काढायचं तर उठून मागेपुढे होता येत नसे, म्हणून कॅनव्हास रुळांवर चढवून फिरवून घेई. म्हणजे चित्र त्याच्याकडे येई. मला ह्या माणसाच्या चित्रांइतकाच हा खटाटोप आवडतो. त्यात करुण असं काही नाही. हा सरळ सुतारकामातला प्रश्न आहे.

आमच्याकडे तो प्रश्न सायकलच्या दुकानात सुटला. बारीक दांडी धरवत नाही, जाड धरवते. शेजारच्या पोरीने लहान सायकलच्या हँडलची रबरी मूठ आणली, भोकात कुंचल्याची दांडी घातली आणि पोकळीत जुन्या साडीची चिंधी ठासली. मूठ गुलाबी आहे, तिला बारीक खाचा आहेत आणि टोकाला झिरमिळ्या लावायची भोकं आहेत. तेलखडू आधीच जाड असतात, त्यांना काही करावं लागत नाही. बॉलपेन टाळा, ते दाब मागतं. मऊ शिसाची सहा-बी पेन्सिल नुसती टेकली तरी काळी उमटते. कात्रीऐवजी पट्टी ठेवून कागद फाडावा. फाटलेली कड चित्रात बरी दिसते, असं जाणकारही म्हणतात, त्यामुळे आपली अडचण आपोआप शैली होते.

रंग तर भंडाऱ्यात विकत घ्यायची गरजच नाही. फाल्गुनात पळस फुलला की रस्त्याकडेला केशरी सडा असतो. फुलं उकळून गाळली की पिवळसर केशरी पाणी निघतं. निळीची बाटली घरात असते. चहा आहेच. हळदीत चिमूटभर चुना पडला की लालभडक होतं, हे कुंकवाच्या काळापासून बायकांना ठाऊक आहे. चुना मात्र घरात वेगळा ठेवावा लागत नव्हता, कारण आमच्या ह्यांच्या खिशात तंबाखूचा खर्रा असतो आणि खर्‍यासोबत चुन्याची डबी. ती डबी मी चित्रासाठी म्हणून घेतली आणि परत केली नाही. चित्रकलेने कुणाच्या प्रकृतीला गुण येतो की नाही ह्यावर वाद असू शकेल. ह्या घरात एका माणसाचा खर्रा निम्म्यावर आला, एवढं मी सांगू शकते. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून वही खिडकीत ठेवू नये. मोहाडी-पवनीकडे कोसा विणतात. तिकडची एक विद्यार्थिनी भेटायला आली तेव्हा विणकरांच्या घरचे तुटके धागे घेऊन आली. कोशाचा धागा जवळून बघितला आहे का कधी? रेशमासारखा गुळगुळीत नसतो, मधेमधे गाठाळ असतो आणि रंग वाळल्या धानाचा. मी तो डिंकाने डकवला. ते माझं सर्वांत चांगलं पान आहे आणि त्यात मी काहीही काढलेलं नाही.

पण वहीचं खरं मोल मला कळलं ते शेजारच्या पोरीच्या वहीत. सिकलसेलमध्ये रक्तातल्या गोल लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि मग हाडं फोडणारी कळ सुरू होते. थंडी, दगदग आणि पाणी कमी पडणं ही त्याला निमित्तं. म्हणून पाणी पीत राहायचं, हे तिला लहानपणापासून सगळे सांगत आले आणि म्हणूनच ती ते ऐकत नसे. आता ती बाटली संपली की बाटलीचं झाकण निळीत बुडवून पानावर ठसा मारते. निळी चकती. कळ येऊन पडून राहिली त्या दिवशी लाल विळा काढते. कुठे चकत्यांची गर्दी आहे, कुठे दोन चकत्या आणि तीन विळे. धान कापणीचा विळा तिने लहानपणापासून पाहिलेला, त्यामुळे मूठ, वाकण, दाते, सगळं अगदी बरोबर. पाहुणा आला आणि वही उघडी राहिली, तर तो म्हणतो, “वा, शेतीचं चित्र!”

अशा चित्रात एक मोठी सोय आहे, ती लपण्याची. तसं सिकलसेलसाठी सरकारने बरंच केलं आहे. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, जुलै २०२३मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आणि २०४७पर्यंतचं उद्दिष्ट ठरवलं. सोयरीक जुळवताना कुंडलीआधी रक्ताचा रिपोर्ट बघा, असं आरोग्य खात्याची माणसं गावोगाव सांगतात. सगळं चांगलं आहे. तरी लग्नाच्या वयाच्या मुलीच्या घरी हा आजार अजून आवाज खाली करून बोलला जातो. साधी रोजनिशी लिहिली तर आई वाचते, भाऊ वाचतो, मग घरभर रडारड. चित्र मात्र उघड्यावर राहूनही तिचं तिलाच वाचता येतं. मी वाचू शकते, कारण मलाही तसलंच काही लिहायचं असतं.

आमचे एक पेन्शनर शेजारी आहेत, त्यांना कशालाही पुरावा लागतो. त्यांच्यासाठी सांगते. १९९९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरी संघटनेच्या नियतकालिकात जोशुआ स्मिथ आणि त्याच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. दमा आणि संधिवात असलेले ११२ रोगी घेतले. काहींना तीन दिवस, रोज वीस मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत जाचलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. बाकीच्यांना दिवसभराच्या कामाचं नियोजन लिहायला लावलं. चार महिन्यांनी पाहिलं तर पहिल्या गटात जवळजवळ निम्म्या रोग्यांच्या प्रकृतीत ठसठशीत सुधारणा होती, दुसऱ्या गटात साधारण चौथा हिस्सा. नियोजन लिहिल्याने फारसं काही होत नाही हे आपल्या घरातल्या बायका फुकटात सांगू शकल्या असत्या. पुढच्या सगळ्याच अभ्यासांनी इतका ठाम कौल दिलेला नाही, हेही सांगायला हवं. चित्राबद्दलचा एक अभ्यास २०१६चा, ड्रेक्सेल विद्यापीठातला: ३९ माणसांनी पाऊण तास रंग, माती, चिकटकाम असं काहीही केलं आणि तपासलेल्या लाळेत ताणाचं कॉर्टिसोल चारांतल्या तिघांचं उतरलं. चित्रकलेचा आधी अनुभव असण्यानसण्याने त्यात फरक पडला नाही. शेजाऱ्यांनी हे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग गोळ्या बंद केल्या का?” नाही केल्या. वही गोळ्यांच्या जागी नाही. गोळ्यांची पाकिटं तर वहीतच आहेत.

एक सावधगिरी मात्र खरी. जाचलेलं सगळं एका दमात उकरून काढलं तर त्या दिवशी जास्तच वाईट वाटतं. अभ्यास करणाऱ्यांनीही हे नोंदवलं आहे. म्हणून मी रडक्या पानासमोरचं पान दुसऱ्याच कशासाठी तरी राखून ठेवते: खांब तलावाच्या कडेची गर्दी, पोळ्याच्या बाजारातल्या झुली, कामवालीच्या नव्या बांगड्या. दुर्गाबाई भागवत तरुणपणी मध्यप्रांतात संशोधनासाठी फिरत असताना विषारी सुरण खाण्यात आला आणि त्यांना पुढची काही वर्षं अंथरुणात काढावी लागली. १९५६ साली त्यांचं ‘ऋतुचक्र’ आलं, ते बारा महिन्यांच्या झाडापानांचं पुस्तक. अंथरुण आणि पुस्तक ह्यांचा थेट संबंध मी जोडत नाही, पण पडून राहिलेल्या माणसाला खिडकीतलं एकच झाड किती वेळ बघावं लागतं, हे मला माहीत आहे. मेक्सिकोची फ्रिडा काहलो १९२५मध्ये बसच्या अपघातात मोडली, तेव्हा आईने तिच्यासाठी पलंगावर बसेल अशी चौकट करवून घेतली आणि वर आरसा लावला. शेवटच्या दहा वर्षांत तिने चित्रांची रोजनिशी ठेवली. तिच्यात शाईचे डाग आहेत आणि डागांतूनच चेहरे निघालेले आहेत. मी तिच्या डागांकडे फार आशेने बघते.

आता ज्यांच्या घरात असं कुणी आजारी आहे त्यांच्याशी दोन शब्द. उद्या तुमच्या आईने, बहिणीने किंवा सासूबाईंनी जुनी डायरी काढली आणि काहीतरी फाडून चिकटवायला सुरुवात केली, तर ‘हे काय आहे?’ म्हणून विचारू नका. ‘वा, छान!’ही म्हणू नका. मग पुढचं पान छान काढावं लागतं. फोटो काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. रंगांचा मोठा संच भेट देऊ नका, त्याचं झाकण उघडत नाही. काही करावंसंच वाटलं तर पेन्सिलींना टोक करून ठेवा. शार्पनर फिरवणं आम्हाला जमत नाही.